एका मीटरवरचा चेहरा

मार्क लुईस पोटासाठी फोकस पुलरचं काम करतो. १९६० साली आलेल्या ‘पीपिंग टॉम’ या ब्रिटिश भयपटाबद्दल आजवर ढीगभर लिहून झालंय. मार्क खुनी आहे, चोरून बघणारा आहे, बापाच्या प्रयोगांत होरपळलेलं पोर आहे, हे सगळं त्यात येतं. त्याची नोकरी मात्र अर्ध्या वाक्यात उरकली जाते. मला वाटतं, या चित्रपटाची किल्ली त्या नोकरीतच आहे. लेखक लिओ मार्क्स आणि दिग्दर्शक मायकेल पॉवेल यांना मार्कला कॅमेरामन करता आलं असतं, संकलक करता आलं असतं. त्यांनी त्याच्या हाती मोजपट्टी दिली.

फोकस पुलर हे पद मुंबईच्या सेटवरही याच नावाने ओळखलं जातं. काम असं: तालमीत नट जिथे जिथे थांबतो तिथे जमिनीवर खडूची किंवा चिकटपट्टीची खूण करायची. या खुणेला सेटवर ‘मार्क’च म्हणतात. कॅमेऱ्याच्या अंगावर, आत फिल्म जिथे असते त्या रेषेत, एक छोटी खुंटी असते. टेपचं टोक तिला अडकवायचं, टेप नटाच्या डोळ्यापर्यंत न्यायची (नाकापर्यंत नाही, डोळ्यापर्यंत), आकडा वाचायचा आणि भिंगाच्या कडीवर पेन्सिलीने रेघ मारायची. टेक सुरू झाला, नट पहिल्या खुणेवरून दुसरीकडे निघाला, की कडीही पहिल्या रेघेवरून दुसरीवर न्यायची, त्याच्याच चालीने. घाई झाली तरी चेहरा धुक्यात जातो, उशीर झाला तरी जातो. नट खुणेच्या चार बोटं अलीकडे थांबला, की डोळ्यांऐवजी कान धारदार येतात. त्या काळी ही चूक दुसऱ्या दिवशी रशेस (आदल्या दिवशीच्या कामाच्या धुतलेल्या प्रती) बघताना कळायची, तोवर सेट मोडलेला असायचा.

हे काम किती नाजूक आहे ते आकड्यांतच बघावं. ३५ मि.मी. फिल्म, ५० मि.मी.चं भिंग, छिद्र एफ २.८ आणि नट दोन मीटरवर असेल, तर साधारण १.९ मीटरपासून २.१ मीटरपर्यंतचं तेवढं स्पष्ट येतं. म्हणजे जेमतेम एक वीत. त्या वितीच्या पुढे आणि मागे सगळं जग विरघळलेलं.

आता यातली खरी गोष्ट. फोकस पुलर कॅमेऱ्यातून बघत नाही. बघतो तो ऑपरेटर. पुलर कॅमेऱ्याच्या कुशीला उभा राहतो, एक डोळा नटाच्या पायांवर, एक हात कडीवर. ज्याला बघण्याचं वेड लागलंय अशा माणसाला या चित्रपटाने अशी नोकरी दिली, जिथे त्याला दिवसभर अंतर मोजायला मिळतं आणि बघायला मिळत नाही.

मराठीत ‘अंतर’ या शब्दाला अनेक घरं आहेत. दोन वस्तूंमधली जागा म्हणजे अंतर, दोन माणसांमधला दुरावा म्हणजे अंतर, मनाचा आतला भाग म्हणजेही अंतर, आणि एखाद्याला वाऱ्यावर सोडणं म्हणजे त्याला अंतर देणं. लंडनमध्ये घडणाऱ्या या गोष्टीला हे सगळे अर्थ लागू पडतात.

मार्कचे वडील भयाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. झोपलेल्या मुलाच्या डोळ्यांवर प्रकाशझोत टाकायचा, अंथरुणावर सरडा सोडायचा, तो घाबरला की त्याचा चेहरा फिल्मवर उतरवून घ्यायचा, ही त्यांची पद्धत. आई मेलेली असते तिथेही कॅमेरा चालू असतो. दीड महिन्यात दुसरं लग्न करून ते निघतात आणि जाताना मुलाच्या हातात एक कॅमेरा ठेवतात. अंतर देता देता दिलेली ही भेट. त्या कृष्णधवल घरगुती फिल्ममध्ये बापाची भूमिका स्वतः पॉवेलने केली आहे आणि मुलाची त्याच्याच मुलाने, कोलंबाने. लंडनच्या केन्सिंग्टन भागातल्या मेलबरी रोडवर पॉवेलचं घर होतं. चित्रपटातलं मार्कचं घर त्याच रस्त्यावरचं.

हे सगळं लिओ मार्क्सने हवेतून काढलं, असं वाटू नये. भयाचा चेहरा छायाचित्रात पकडायचा ध्यास शास्त्राला फार आधीपासून होता. पॅरिसचा डॉक्टर द्युशेन याने विजेच्या टोकांनी रुग्णाच्या चेहऱ्याचे स्नायू एकेक करून आखडवले, त्यांची छायाचित्रं घेतली आणि १८६२मध्ये ती पुस्तकात छापली. भयाचा चेहरा दाखवायला डार्विनने १८७२च्या आपल्या ग्रंथात द्युशेनच्याच एका छायाचित्रावरून कोरीव चित्र करून घेतलं. त्या चित्रातून विजेची टोकं आणि ती धरणारे हात गाळून टाकलेले आहेत. चेहऱ्यावरचं भय तेवढं राहिलं, ते आणणारा अदृश्य झाला. पुढे अमेरिकेत जॉन वॉटसन याने एका तान्ह्या बाळाला पांढऱ्या उंदराची भीती शिकवली, त्या प्रयोगाची फिल्म काढली आणि १९२०मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मार्कच्या बापाची पैदास या घराण्यातली आहे. फरक इतकाच, की पॉवेलने गाळलेले हात परत चौकटीत आणले, आणि ते स्वतःचे हात होते.

मोठ्या झालेल्या मार्कच्या हातातला कॅमेरा म्हणजे बेल अँड हॉवेल कंपनीचा फिल्मो: १६ मि.मी.चा, चावीवर चालणारा. घड्याळाला देतात तशी बाजूने चावी द्यायची. एका चावीत तो अर्ध्या मिनिटाच्या आसपास चालतो, मग पुन्हा चावी. आत १०० फुटांचं रीळ बसतं. १६ मि.मी. फिल्मच्या एका फुटात ४० चौकटी, म्हणजे रिळाला ४०००. सेकंदाला २४ या वेगाने दोन मिनिटं सत्तेचाळीस सेकंदांत रीळ संपतं. तोंडाशी फिरती चकती, तिच्यावर भिंगं. त्यातलं नेहमीचं एक इंचाचं, २५ मि.मी.चं. चालताना हा कॅमेरा चांगला खरखरतो, कोटाखाली लपवला तरी जवळच्याला ऐकू यावा इतका.

त्याच्या तिपाईचा एक पाय सुटतो, वर उचलून आडवा धरता येतो, आणि टोकावरचं टोपण काढलं की आत पातं असतं. कॅमेरा चालू ठेवून मार्क ते पातं समोरच्या बाईच्या गळ्याकडे नेतो.

या हत्यारावर मानसशास्त्राच्या अंगाने पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. छायाचित्रणाच्या अंगाने फारसं कुणी बघत नाही, म्हणून जरा हिशेब करू. २५ मि.मी. भिंग, १६ मि.मी.ची चौकट, अंतर एक मीटर. चौकटीत मावतो तो भाग साधारण ४१ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच. माणसाचा चेहरा बरोब्बर भरून येतो, वर थोडे केस, खाली गळा. एफ २.८वर स्पष्टतेची पट्टी सुमारे तेरा सेंटिमीटरची. इतक्या जवळून, हातात कॅमेरा घेऊन पुढे सरकत जाणाऱ्या माणसाला फोकस पुलरशिवाय चित्र स्पष्ट ठेवणं जवळपास अशक्य असतं. दोन हात कॅमेऱ्याला आणि तिपाईला लागलेले, कडी फिरवायला तिसरा हात आणायचा कुठून?

मार्कला तो लागत नाही. तिपाईचा पायच त्याची टेप आहे. पायाची लांबी ठरलेली, म्हणून पातं गळ्याला टेकेल त्या क्षणी भिंगापासून चेहऱ्याचं अंतरही ठरलेलं. कडी आधीच त्या आकड्यावर लावून ठेवायची. जसजसा तो पुढे सरकतो तसतसा चेहरा धुक्यातून बाहेर येतो आणि नेमका शेवटच्या घटकेला धारदार होतो. हत्यार निवडताना या माणसाने आधी फोकसचा विचार केलेला आहे, हे लक्षात आलं की अंगावर काटा येतो.

आणि या सगळ्याला एक अडचण आहे, जी फिल्मो वापरणारा प्रत्येक जण ओळखतो. त्याचा व्ह्यूफाइंडर भिंगाच्या मागे नसतो, शेजारी नळीसारखा बसवलेला असतो. डोळा बघतो एका नळीतून, फिल्म बघते दुसऱ्या भिंगातून. लांबच्या दृश्यात हा फरक जाणवत नाही. एका मीटरवर मात्र नळी आणि भिंग यांच्यात समजा सात सेंटिमीटर असतील, तर चित्रही सात सेंटिमीटर सरकतं. ४१ सेंटिमीटरच्या चौकटीत हा सहावा हिस्सा झाला. एक कान आणि अर्धा गाल बाहेर जायला पुरेसा. शिवाय नळीतून सगळंच स्पष्ट दिसतं, फोकस चुकलाय की नाही ते कळायला मार्ग नाही. म्हणजे स्वतःच्या कॅमेऱ्यातून बघतानाही मार्कला खरं चित्र दिसतच नाही. ते त्याला घरी, पडद्यावरच भेटणार.

म्हणूनच चित्रपटाची सुरुवात पुन्हा पुन्हा बघण्यासारखी आहे. बाण लक्ष्यात रुततो, मिटलेला डोळा उघडतो. लंडनच्या फिट्झ्रोव्हिया भागातली रात्रीची गल्ली, दुकानाच्या काचेपाशी उभी असलेली एक बाई. मार्कच्या कोटाच्या बटणांमधून भिंग डोकावतं आणि पुढचं सगळं आपण व्ह्यूफाइंडरच्या फुलीमधून बघतो. बाई दोन पौंड सांगते, पुढे चालू लागते, न्यूमन पॅसेजच्या बोळातून जिना चढते. मध्येच फिल्मचं रिकामं पिवळं खोकं कचऱ्याच्या डब्यात पडतं. खोलीत ती कपडे काढू लागते, मागे वळून बघते, चेहऱ्यावर कुठून तरी आलेला उजेडाचा ठिपका हलतो, किंचाळी. लगेच श्रेयनामावली, आणि तिच्या मागे तेच सगळं दृश्य पुन्हा, कृष्णधवल, घरच्या प्रोजेक्टरवर. मार्क खुर्चीत पाठमोरा बसलेला. चेहरा जवळ येऊ लागतो तसा तो उठून उभा राहतो.

यात एक गंमतीची नव्हे, अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. छातीशी, कोटात लपवलेल्या कॅमेऱ्याच्या नळीला मार्क डोळा लावूच शकत नाही. मग ती फुली कुणी बघितली? पहिल्यांदा ते दृश्य रंगीत आहे, आणि मार्कने चित्रित केलेली फिल्म कृष्णधवल. म्हणजे ते रंगीत, फुलीचं दृश्य त्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही आणि त्याच्या फिल्मवरही नाही. तिथे नळीला डोळा लावून फक्त एकच जण असतो: तिकीट काढून बसलेला प्रेक्षक. १९६०च्या समीक्षकांना हा हिशेब मांडता आला असेल की नाही, कोण जाणे, पण तो त्यांना लागला नक्की.

आता डार्करूम. घराच्या वरच्या मजल्यावर मार्कची स्वतःची प्रयोगशाळा आहे, आणि ओटो हेलर या छायालेखकाने ईस्टमनकलर फिल्मवर ती अशी रंगवली आहे, की लाल रंग अंगावर येतो. प्रागमध्ये जन्मलेल्या हेलरचा हात रंगावर पक्का बसलेला होता. पण ज्याने फिल्म धुतली आहे त्याच्या मनात इथे शंका येणारच. चित्रीकरणाची कृष्णधवल निगेटिव्ह पॅनक्रोमॅटिक असते, तिला लाल रंगही दिसतो. लाल दिवा लावून ती उघडली तर उजेड लागून सगळी फिल्म वाया जाते. ती मिट्ट काळोखातच हाताळावी लागते. लाल किंवा पिवळसर दिवा चालतो तो कागदावरची छायाचित्रं करताना किंवा निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह प्रत काढताना, कारण त्या प्रतीच्या फिल्मला निळाच प्रकाश कळतो.

तेव्हा मार्कच्या खोलीतलं काम नीट लावायचं तर असं लावावं लागेल. आधी पूर्ण काळोखात निगेटिव्ह धुवायची. १०० फूट म्हणजे साडेतीस मीटर. घरगुती टाकीत ती दोन चकत्यांमध्ये बसते आणि हँडल फिरवून इकडून तिकडे, तिकडून इकडे डेव्हलपरमधून, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनातून, ओढत राहावी लागते. चकतीवर गुंडाळलेली असताना रसायन आत नीट पोचत नाही, म्हणून उघड्या ताटलीतल्यापेक्षा वेळ बराच जास्त द्यावा लागतो. हँडल कधी जोरात, कधी हळू फिरवलं, की पडद्यावर उजेड धापा टाकल्यासारखा कमीजास्त होतो. फिल्मचे दोन थर एकमेकांना चिकटले, तर तिथे डाग राहतो आणि तो परत काढता येत नाही. सगळी रसायनं वीस अंशांवर. मधलं पाणी गार पडलं तर फिल्मवरचा थर सुरकुततो. मग चित्र पक्कं करणारा फिक्सर, मग धुणं, मग खोलीभर दोऱ्या बांधून तीस मीटर वाळवणं, धुळीचा एक कण न बसू देता. त्यानंतर कुठे लाल दिवा लागतो आणि प्रत निघते.

दुसरी वाट रिव्हर्सलची. पहिला डेव्हलपर, मग डायक्रोमेट आणि गंधकाम्लाचा ब्लीच, मग सल्फाइटचं पाणी, मग फिल्मला मुद्दाम उजेड दाखवायचा, मग दुसरा डेव्हलपर आणि फिक्सर. जे चित्र आधी उमटलं ते ब्लीचमध्ये विरघळून जातं, आणि जे उरलेलं होतं त्यातून सरळ पॉझिटिव्ह तयार होतं. प्रत वेगळी काढावी लागत नाही, पण जगात एकच फिल्म उरते. पहिल्या डेव्हलपरमध्ये मिनिटभर कमी राहिली तर चित्र काळवंडतं, मिनिटभर जास्त झाली तर पुसट होतं, आणि दुसरी संधी नसते.

यातली कोणती वाट मार्क धरतो, ते चित्रपट सांगत नाही. त्याला सांगायचंही नाही. तो लाल दिवा कामाचा नाही, मनाचा आहे. तरी ही गोष्ट जाणून घेतल्याने एक भान येतं. खून दोन मिनिटांत होतो. त्याचं चित्र व्हायला अख्खी रात्र जाते, हातांना वास लागतो, पाठ भरून येते. मार्कचं बहुतेक आयुष्य या दुसऱ्या भागात गेलेलं आहे.

मार्कची एक जोडनोकरीही आहे. वृत्तपत्रांच्या दुकानावरच्या माडीत तो उघड्यावाघड्या मुलींची छायाचित्रं काढतो. खाली एक वयस्कर, सभ्य गृहस्थ येतात, दोन प्रतिष्ठित वर्तमानपत्रं मागतात, मग आवाज खाली आणून ‘देखावे’ आहेत का विचारतात. आख्खा संच घेऊन घाईने निघतात आणि वर्तमानपत्रं गल्ल्यावरच राहतात. माइल्स मॅलेसनने हे दोन-तीन मिनिटांचं काम सोन्यासारखं केलंय. लंडनच्या सोहोत तेव्हा हा धंदा खरोखर जोरात होता. माडीवरच्या मिलीचं काम करणारी पामेला ग्रीन ही त्या व्यवसायातली नावाजलेली मॉडेल. हॅरिसन मार्क्स या छायाचित्रकाराबरोबर ती तशी मासिकं काढायची, आणि चित्रपटातल्या स्टुडिओला त्यांच्या स्टुडिओचाच आधार होता. त्या छायाचित्रांतल्या शरीराचा ठरावीक भाग कायद्याच्या धाकाने रंगफवारणीने गुळगुळीत केला जायचा. म्हणजे या माडीवर ज्याला छायाचित्र म्हणत, त्यातही खोडलेलं बरंच असे. मार्कचं लक्ष मात्र मिलीकडे नसतं. दुसऱ्या मुलीच्या ओठावर व्यंग आहे, ती चेहरा लपवते, आणि ते दिसताच तो स्थिरचित्रांचा कॅमेरा सोडून आपला फिल्मो हाती घेतो. जे खोडलेलं नाही ते त्याला हवं असतं. ही तहान प्रत्येक चांगल्या छायाचित्रकाराला असते, हे मान्य करणं जड जातं, पण खोटं नाही.

स्टुडिओतल्या खुनात व्हिव्हियनच्या भूमिकेत मोइरा शिअरर आहे, पॉवेलच्याच ‘द रेड शूज’ची नर्तकी. रात्री बंद स्टुडिओत व्हिव्हियन नाचून अंग मोकळं करते, मार्क दिवे लावतो, अंतर घेतो, तिला जमिनीवरच्या खुणेवर उभं करतो. रोजची कामाची पद्धत, एकही पायरी न गाळता. नंतर घरी ती फिल्म पडद्यावर चालू असताना खालच्या मजल्यावरची आंधळी मिसेस स्टीव्हन्स काळोखात येऊन बसलेली असते. मृत मुलीचा चेहरा मार्कच्या पाठीवर, पडद्यावर हलतो, आणि मार्क कळवळतो: फुकट गेलं, उजेड लवकर गेला. ती म्हणते, तो नेहमीच लवकर जातो.

ही तक्रार कुठल्याही छायाचित्रकाराची असू शकते, आणि तिचं कारण साधं आहे. स्थिरचित्र काढणारा उजेड कमी पडला तर शटर सेकंदभर उघडं ठेवू शकतो. चलच्चित्रात सेकंदाला २४ चौकटी, त्यातला निम्मा वेळ फिल्म पुढे सरकण्यात जातो, म्हणजे प्रत्येक चौकटीला सुमारे १/५० सेकंद. त्याहून फारसं जास्त मिळत नाही. फिल्म जास्त वेळ धुतली तर एखादा स्टॉप (उजेडाच्या दुपटीचं माप) उसना मिळतो, पण दाणे फुटतात, पांढरं अधिक पांढरं होतं, आणि सावल्यांमध्ये जे मुळात नोंदलं गेलंच नाही ते काही केल्या येत नाही. पुढे सरकणारा माणूस आणि कॅमेरा समोरच्या दिव्यावर स्वतःचीच सावली पाडतात. जितकं जवळ जावं तितका उजेड कमी. मार्कला अंतर मिटवायचंय आणि उजेडही हवाय. भौतिकशास्त्र दोन्ही एकदम देत नाही.

मिसेस स्टीव्हन्सच्या हातात टोकदार काठी असते, तीही अंतर मोजते. मार्कला हात लावून, चेहऱ्यावरून बोटं फिरवून ती त्याला ओळखते. मॅक्सीन ऑडलीचं हे काम फार मोलाचं आहे. स्टुडिओतला तापट दिग्दर्शक झालेला एस्मंड नाइट मात्र खरोखरच जवळजवळ आंधळा होता. १९४१मध्ये ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेशी झालेल्या लढाईत त्याचे डोळे गेले होते. ‘कट’ म्हणणाऱ्याला धड दिसत नाही आणि फोकस मोजणारा बघत बसलेला, असा हा सेट.

या आंधळ्या बाईची मुलगी हेलन. अ‍ॅना मॅसीने तिला इतकं सरळ, निरोगी ठेवलंय की मार्कबद्दलची आपली माया तिच्यामुळे वाढते. मार्क झालेला कार्लहाइन्झ बोम हा ऑस्ट्रियन चित्रपटांतला लाडका तरुण सम्राट, कार्ल बोम या थोर संगीत-संचालकाचा मुलगा. मार्कच्या ओठांवर इंग्रजी थोडं परकं राहतं आणि ते बरंच झालं. हेलन त्याला एका संध्याकाळी कॅमेरा घरी ठेवायला लावते. रस्त्याने जाताना त्याचे हात रिकामे कसे लोंबतात ते बघावं. परत आल्यावर ती त्याला ओठांचं चुंबन देऊन जाते आणि तो ओठ भिंगाला लावतो. शून्य अंतर. भिंगाला टेकलेल्या वस्तूचं चित्र उमटत नाही.

लंडनमध्ये एप्रिल १९६०मध्ये चित्रपट लागला आणि समीक्षक तुटून पडले. ‘ट्रिब्यून’मध्ये डेरेक हिल यांनी लिहिलं, की तो फावड्याने गोळा करून जवळच्या गटारात सोडून द्यावा. वितरकाने तो लवकरच गुंडाळला. पॉवेलची कारकीर्द या चित्रपटाने एका रात्रीत संपवली, असं सर्रास म्हटलं जातं. ते तंतोतंत खरं नाही, पुढच्याच वर्षी त्याचा आणखी एक चित्रपट आला. पण ब्रिटनमध्ये त्याच्यावरचा विश्वास उडाला आणि साठच्या दशकात त्याला ऑस्ट्रेलियापर्यंत काम शोधत जावं लागलं. काही महिन्यांतच आलेल्या ‘सायको’शी त्याची तुलना होते. मला त्यात एक फरक मोठा वाटतो. ‘सायको’त न्हाणीघराचा पडदा आहे, सुरा आहे, वेगाने तुटणारी दृश्यं आहेत, आपण घाबरतो आणि घाबरलो म्हणून सुटतो. पॉवेलने पडदा ठेवला नाही. टेप अडकवायची खुंटी त्याने आपल्या, प्रेक्षकांच्याच कपाळावर ठोकली.

मार्टिन स्कोर्सेसीने सत्तरच्या दशकाच्या शेवटी हा चित्रपट अमेरिकेत परत लोकांपुढे आणायला हात दिला. १९९०मध्ये पॉवेल वारला. ‘संडे टाइम्स’च्या डिलिस पॉवेल (नात्याने त्याच्या कुणी नव्हेत) यांनी १९६०मध्ये या चित्रपटावर कडक टीका केली होती, १९९४मध्ये त्यांनी पुन्हा लिहून त्याची क्षमा मागितली. तो ऐकायला नव्हता. २०२३मध्ये मूळ फिल्मवरून नवी डिजिटल प्रत तयार झाली, आणि हेलरचा तो लाल आता पुन्हा जसा होता तसा दिसतो. तपकिरी पडलेल्या जुन्या प्रतींवर ज्यांनी हा चित्रपट बघितला असेल, त्यांनी तो परत बघावा.

शेवटाकडे हेलनला ते हत्यार कळतं. पात्याच्या वर एक गोल आरसा बसवलेला असतो, ज्यात मरणारीला स्वतःचाच ताणलेला, वाकडा चेहरा दिसतो. सुरुवातीच्या दृश्यातल्या त्या उजेडाच्या ठिपक्याचा उलगडा इथे होतो. खाली पोलीस आलेले. मार्कने भिंतीच्या कडेने कॅमेऱ्यांची रांग आधीच लावून ठेवली आहे, प्रत्येकाला फ्लॅशचा बल्ब. त्या काळचा हा बल्ब म्हणजे काचेत प्राणवायू आणि धातूची बारीक जाळी. ठिणगी पडली की एकदा भडकतो आणि संपतो. तो पूर्ण पेटायला सेकंदाचा पन्नासावा हिस्सा लागतो, म्हणून शटर त्याच्यासाठी थोडं थांबावं लागतं, नाहीतर काळी चौकट हाती येते. मार्क धावत सुटतो आणि एकामागून एक बल्ब भडकत जातात.

ही रांग छायाचित्रणाच्या इतिहासात आपण आधी पाहिलेली आहे. एडवर्ड मायब्रिज, लंडनजवळच्या किंग्स्टनचा माणूस, याने १८७८मध्ये कॅलिफोर्नियात धावत्या घोड्यासमोर बारा कॅमेरे ओळीने मांडले होते. घोड्याच्या वाटेत ताणलेले दोरे तुटत गेले आणि शटरं पडत गेली. त्याच्या चार वर्षं आधी मायब्रिजने बायकोच्या प्रियकराला गोळी घातली होती आणि ज्यूरीने त्याला सोडून दिलं होतं. मार्क त्या रांगेत घोड्याच्या जागी स्वतः धावतो. तिपाई भिंतीला टेकवलेली, पातं पुढे, कॅमेरा चालू, आरशात तो स्वतः. पुलर, ऑपरेटर आणि नट, तिघं एकाच माणसात, आणि टेप मोजायला काही उरलेलं नाही.

मग प्रोजेक्टरवरचं रीळ संपतं. पांढरा पडदा अंधारतो. ध्वनिफीत अजून चालू आहे. आधी बापाचा आवाज, पॉवेलचाच: वेड्यासारखं करू नको, घाबरण्यासारखं काही नाही. मग त्या पोराचा. बाबांना तो ‘गुड नाइट’ म्हणतो, आणि सांगतो, माझा हात धरा.